हरणाचे डोहाळे

ही गोष्ट सांगायची परवानगी मला आत्ता कुठे मिळाली आहे, आणि तीसुद्धा अटींवर. लेकीनं मला समोर बसवून अटी बोटांवर मोजून दाखवल्या. कुणाचंही नाव घ्यायचं नाही. हॉटेलचा पत्ता सांगायचा नाही. तिच्या उलट्यांचं वर्णन करायचं नाही. "आणि आई, जे झालंच नाही ते मधे घुसवायचं नाही, ओके?" पहिल्या तीन अटी मी जिवापाड पाळणार आहे. चौथीचं बघू.

माझी ओळख एवढीच, की वय सत्तावन्न, मुक्काम सिंगापुरातलं टॅम्पिनीस, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. नोव्हेनाला एका दातांच्या दवाखान्यात मी वीस वर्षं फ्रंट डेस्कवर बसते आणि उरलेल्या वेळात इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत कामं करते. राणी झाले, मोलकरीण झाले, कजाग सासू तर चारदा झाले, आणि एका वर्षी माणसं कमी पडली म्हणून वडाचं झाड झाले. झाडाला संवाद नव्हता. मी एक घातला. मंडळाचं सगळं सामानही माझ्याच घरी असतं. इथल्या फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची एक बिनखिडकीची खोली असते, कधी बॉम्ब पडलेच तर लपायला. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक त्या शेल्टरमध्ये सुटकेसा आणि जुने पंखे ठेवतात. माझ्या शेल्टरमध्ये दोन मुकुट, एक गदा, नऊ दाढ्या आणि एक धनुष्य आहे.

धनुष्य नाटकातलं नाही. ते डोहाळजेवणाचं आहे. सातव्या महिन्यात पोटुशीला हिरवी साडी नेसवायची, फुलांचे दागिने घालायचे आणि फोटोसाठी हातात धनुष्यबाण द्यायचा, ही आपली हौस. इथे ऐन वेळी धनुष्य कुठून आणणार? म्हणून वेताचं आणि पुठ्ठ्याचं एकच धनुष्य सगळ्यांच्यात मिळून फिरतं. ज्या मुलांच्या आयांनी ते धरलं, त्यातली काही आता सैन्याची सक्तीची दोन वर्षं करून परतलीसुद्धा आहेत.

गेल्या वर्षी लेकीनं गोड बातमी दिली, त्याच संध्याकाळी मी ते बाहेर काढलं. सोनेरी कागद आणून नव्यानं मढवायला बसले, आणि मढवता मढवता फोनवर सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. आपल्याकडे तीन महिने होईस्तोवर कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. माझ्या आईनं हे पाळलं, तिच्या आईनं पाळलं. मी मात्र दृष्टबिष्ट मानत नाही असं ऐटीत म्हणाले आणि मोकळी झाले.

दहाव्या आठवड्यात ते संपलं. दृष्ट लागून संपलं नाही, हे मला कळतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. पण पुढे जे झालं ते माझ्यामुळेच. लिफ्टमध्ये एकीनं लेकीला विचारलं, "कितवा लागला?" बाजारात दुसरी तिच्या पोटाकडे बघून गोड हसली. तिसरीला बातमी इतक्या उशिरा पोचली की तिनं पेढे पाठवले. प्रत्येकीला लेकीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मला ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त एकदा भांडी पुसताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांगितलं नसतंस, तर मला कुणालाच काही सांगावं लागलं नसतं."

धनुष्य मी परत शेल्टरमध्ये ठेवलं. दाढ्यांच्या मागे.

यंदा तिनं आधी माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"शपथ."

"शपथ."

"बाबांना मी सांगेन. तू कुणालाही नाही. देवालासुद्धा मोठ्यानं नाही."

देवाला मी मनातल्या मनात सांगितलं. आणि मग तिचं खाणं बंद झालं.

फोडणीचा वास नको. हिंग नको, कढीपत्ता नको, भात शिजतानाची वाफसुद्धा नको. मी मऊ भात आणि मेतकूट केलं, कोकमाचं सार केलं, ताकातली पेज केली. मग खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरून, माशाचं सूप आणलं, टोफू आणला. एक घास, दोन घास, आणि परत. (तिसरी अट. पुढे बोलत नाही.) जावई हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून येताना रोज वेगळं फळ आणायचा, आणि ते फळ रोज माझे यजमान खायचे. त्या महिन्यात एकट्या त्यांचीच तब्येत सुधारली.

मंगळवारी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वजन उतरतंय, रक्त कमी आहे, असं त्या शांतपणे म्हणाल्या. "कच्चं, अर्धकच्चं काही नको. बाकी मन म्हणेल ते खा, अगदी काहीही. पण सोमवारपर्यंत पोटात काही टिकलं नाही, तर ॲडमिट करून सलाइन लावू." ॲडमिट हा शब्द ऐकल्याबरोबर लेकीनं माझी बोटं इतकी घट्ट धरली की अंगठी रुतली. मागच्या वर्षीची तीच इमारत होती. तोच मजला.

त्या दुपारी ती माझ्याकडे सोफ्यावर पडून होती. पंखा हळू फिरत होता. पडद्यातून येणारा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत होता, आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत कुणीतरी टेबल टेनिस खेळत होतं, टक, टक, टक. मला वाटलं ती झोपली. तेवढ्यात डोळे न उघडता ती म्हणाली,

"हरीण."

"काय गं?"

"हरीण खायचंय."

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"होक्काइदोला खाल्लं होतं ना आई. बर्फात. आठवतं?"

मला कसं आठवणार? दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती आणि जावई असे दोघंच जपानच्या उत्तरेला गेले होते. पण ती सांगत गेली तसं मलाही आठवायला लागलं. लाकडी खाणावळ. खिडकीबाहेर बर्फ, आणि बर्फात हरणं उभी, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखी. आत विस्तवावर काळं भांडं. आंबवलेल्या सोयाबीनचा तो मिसो, त्याच्या तपकिरी रश्शात हरणाचं मांस, कसल्याशा लांब मुळांचे काप, कांद्याची जाड पात. खोलीभर वाफ. "त्याला वास नव्हता आई. म्हणजे होता. जंगलाचा होता. पण तो मला चालेल, लाह." (लाह हे इथल्या बोलण्याचं शेपूट, अर्थ काही नाही.)

चालेल! तीन आठवड्यांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

डोहाळे चिंचेचे असतात, कैरीचे असतात. कुणाला माती खावीशी वाटते. माझ्या वेळी मला ओल्या भिंतीचा वास हवासा वाटायचा. पण हरीण आमच्या घराण्यात कुणी मागितलं नव्हतं. पुण्याच्या आमच्या घरात अंडं यायचं ते वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि टरफलं जायची ती पलीकडच्या गल्लीतल्या कुंडीत. शिवाय बाईनं हरणाचा हट्ट धरला की पुढे काय काय होतं, हे आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तरी पोटुशीनं मागितलं की द्यायचं. त्यात का आणि कशाला नसतं.

बुधवारी पहाटे मला स्वप्न पडलं. टॅम्पिनीसच्या एमआरटी, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनवर हरणं रांगेत उभी होती. एकेक हरीण फाटकापाशी यायचं, मान झुकवून कार्डाच्या जागी नाक टेकवायचं, फाटक उघडायचं आणि ते आत जायचं. कुणी घाई करत नव्हतं. माझी पाळी आली तर माझ्याकडे टेकवायला काहीच नाही. जागी झाले ती उत्तर दिशेला तोंड करूनच. म्हणजे अंदाजानं.

त्या दिवशी दवाखान्यात जो जपानी पेशंट येईल त्याला मी विचारत सुटले. फॉर्म पुढे करायचा, सही घ्यायची आणि हळूच विचारायचं, "इथे हरीण कुठे मिळतं?" एक गृहस्थ खुर्चीत तोंडभर कापूस घेऊन बसले होते, त्यांनी नुसतेच डोळे विस्फारले. शेवटी कवळीचं माप द्यायला आलेली एक म्हातारी तोंडावर हात धरून हसली. तिनं मला एक गंमत सांगितली. जुन्या काळी त्यांच्याकडे मांस खायला बंदी होती, तेव्हा लोक हरणाच्या मांसाला मेपल म्हणायचे. लाल पानांचं झाड. "आज आमच्याकडे मेपल आहे," असं शेजाऱ्याला सांगायचं, आणि शेजाऱ्यानंही पानांबद्दलच बोलत जेवायचं. मला वर्तमानपत्रातलं अंडं आठवलं आणि त्या अख्ख्या देशाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. मग तिनं पर्समधून पेन काढलं आणि दवाखान्याच्या अपॉइंटमेंट कार्डामागे एक पत्ता लिहून दिला.

तो पत्ता सांगायचा नाही. एवढं सांगते, की खाली कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, अरुंद जिना होता आणि वर आठ खुर्च्यांचं हॉटेल होतं. टेबल एकही नाही. लांब लाकडी फळी, तिच्या पलीकडे आचारी, अलीकडे आपण. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्याचा बिल्ला गळ्यात तसाच घेऊन, मी तिथं धापा टाकत पोचले. आचारी जपानी, साठीचे, उभ्या चेहऱ्याचे. त्यांची बायको इथलीच, चिनी, माझ्याच वयाची, पण मला आंटी म्हणणारी.

"हरीण मेनूकार्डावर नाही लाह, आंटी. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एका कवळीनं."

तिनं ते आत भाषांतर करून सांगितलं. काय सांगितलं देव जाणे. आचारी सुरी पुसत बाहेर आले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग एक वाक्य बोलले.

"तो विचारतो, तुम्हाला का हवंय? वर्षातून थोडंच येतं. ज्याला कळतं त्यालाच तो देतो."

का हवंय! उत्तर एका ओळीचं होतं. माझ्या लेकीला दिवस गेलेत आणि तिला दुसरं काही चालत नाही. जगातल्या कुठल्याही आचाऱ्यानं त्यावर दार उघडलं असतं. पण माझ्या तळहाताला तिच्या केसांचा स्पर्श अजून होता. मी छाती भरून श्वास घेतला, पदर नव्हता तरी सावरला, आणि सुरू केलं.

"आमचं घराणं शिकाऱ्यांचं. माझे आजोबा राजेसाहेबांच्या बरोबर रानात जायचे. हरणाशिवाय आमचा दसरा झाला नाही. आता आजोबा नाहीत, रान नाही. एकदा ती चव जिभेवर यावी, मग डोळे मिटायला मी मोकळी."

माझे आजोबा पोस्टात होते. त्यांनी आयुष्यात फक्त ढेकणांची शिकार केली, किटलीतलं उकळतं पाणी ओतून.

बाईंनी भाषांतर केलं. आचाऱ्यांनी सुरी खाली ठेवली आणि आणखी एक प्रश्न विचारला.

"तो विचारतो, तुमच्याकडे कुठला भाग मानाचा?"

आता आली का पंचाईत! त्या दिवशी माझी कंबर धरली होती. हात आपोआप पाठीमागे गेला. मी विव्हळल्यासारखी म्हणाले, "इथला."

आचाऱ्यांनी खोल श्वास घेतला. कमरेत वाकून त्यांनी मला नमस्कार केला. पाठीच्या कण्यालगतचा तो भाग म्हणजे त्या मांसातला सगळ्यात नाजूक, सगळ्यात दुर्मीळ, हे मला कुठे माहीत होतं? "शनिवारी बारा वाजता," बाई म्हणाल्या. "दोन खुर्च्या. काय करायचं ते तो ठरवेल. आंटीसारख्या माणसाला विचारायची गरज नाही म्हणतो." मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर अब्रू गेली असती. हरीण म्हणजे हरीण, रस्सा म्हणजे रस्सा, असं म्हणत मी जिना उतरले, जवळजवळ तरंगतच.

शुक्रवारी लेक बर्फाचे खडे चोखत पडून राहिली आणि बर्फाबद्दलच बोलत राहिली. तिथं पाऊल टाकलं की आवाज कसा होतो. हरणं कान कशी वळवतात. मी तिच्या पायाशी बसून ऐकत होते. बाहेर चौतीस अंश होतं आणि आमच्या दोघींच्या अंगावर शाली होत्या. उद्या कुठे जायचंय हे मी तिला सांगितलं नव्हतं. एवढी एक गोष्ट तरी पोटात ठेवून बघावी म्हटलं.

शनिवारी आम्ही निघालो. गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. जिन्यात मी तिचा हात धरला. दार उघडलं आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण वासावरच सगळं ठरणार होतं. कोळशाचा वास होता, आल्याचा होता, आणि मागून कसला तरी दाट, गोडसर, मातीसारखा. लेक उंबऱ्यात थांबली. नाकपुड्या किंचित फुलल्या.

"आई," ती पुटपुटली, "हे काय आहे?"

"मेपल," मी म्हणाले.

आम्ही बसलो. आचाऱ्यांनी शुभ्र कोट घातला होता. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मीही वाकले, घराण्याला शोभेल इतकी. मग ते हळूहळू बोलू लागले आणि बाई सांगू लागल्या. होक्काइदोत हरणं फार झालीत. झाडांच्या साली खातात, शेतं खातात. मारावीच लागतात. पण पूर्वी बरंचसं मांस वाया जायचं, कारण हरीण पडल्यावर रक्त लगेच काढलं नाही तर चव बिघडते, आणि ते नीट करणारे शिकारी आता म्हातारे झालेत. त्यांच्यातला एकजण ह्यांना ओळखतो. तो मांस पाठवतो तेव्हा सोबत एक ओळ लिहितो, हरीण कुठल्या टेकडीवर होतं ते. "हे," बाई म्हणाल्या, "नदीकाठचं. हिवाळा लागायच्या आधीचं. चांगलं जेवलेलं."

लेक ऐकत होती. तिचे हात फळीवर होते आणि बोटं जरा पुढे सरकली होती, भूक लागलेल्या माणसाची सरकतात तशी.

मग ताटल्या आल्या.

सात पातळ काप, पंख्यासारखे मांडलेले. कडेला तपकिरी रेघ, आणि आत... आत गुलाबी. अगदी पहाटेसारखं, ओलं, चमकणारं गुलाबी. बाजूला किसलेलं आलं आणि मुळ्याचा कीस. इतकी सुंदर वस्तू मी ताटात कधी पाहिली नव्हती. आणि माझ्या कानात डॉक्टरीणबाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या, कच्चं, अर्धकच्चं काही नको.

लेकीनं ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिची बोटं मागे गेली.

आचारी माझ्याकडे बघत होते. शिकाऱ्याच्या नातीनं पहिला घास घ्यायचा होता. मी घेतला. सांगते, भीत भीत घेतला. पण तो तोंडात गेला आणि मी क्षणभर कुठेतरी गेले. रेशमासारखं मऊ, चरबी जवळजवळ नाहीच, मागे किंचित लोखंडाची चव, थंड ओढ्याचं पाणी ओंजळीनं प्यावं तशी. मी डोळे मिटले. ह्यात नाटक नव्हतं. उघडले तेव्हा आचारी पहिल्यांदा हसत होते, आणि शेजारची ताटली तशीच होती.

एक मिनिट गेलं. दोन गेली. आचाऱ्यांचं हसू विरलं. त्यांनी बायकोला हळूच काही विचारलं.

"मुलीला आवडलं नाही का, आंटी?"

"छे छे! तिचा आज शनिवार असतो."

"शनिवार सगळ्यांचाच असतो."

"म्हणजे उपास. देवाचा वार. मांस चालत नाही."

"मग आज कशाला आणलंत?"

बरोबर होतं तिचं. मी पवित्रा बदलला. "खरं सांगू का, दाढ दुखते तिची. चावता येत नाही."

"आंटी, तुम्ही दातांच्या दवाखान्यात काम करता ना?"

आचारी ताटली उचलायला पुढे झाले. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. परीक्षेत नापास झालेल्या हुशार मुलासारखे दिसत होते ते. माझं तिसरं खोटं तयार होतं, त्यात एक साधू होता, पण ते जिभेवर येईना. एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला सोमवार, आणि मधे मी. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा मला संवाद आठवत नव्हता.

लेकीनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"इट्स ओके, आई."

आणि ती त्या दोघांकडे वळली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा साधं आणि स्वच्छ आहे. ती म्हणाली, "मला बाळ होणार आहे. म्हणून हे असं खाता येत नाही. अजून बाहेर कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हीच पहिले. मागच्या वर्षी राहिलं नाही, म्हणून आई लपवतेय." मग जरा थांबून, "एरवी ती ह्याच्यापेक्षा खूप चांगलं खोटं बोलते."

बाईंनी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मागच्या वर्षाशी त्या थोड्या अडखळल्या. आचाऱ्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग ताटली उचलली, लेकीसमोर वाकले, माझ्यासमोर वाकले होते त्यापेक्षा खोल, आणि पडद्यामागे गेले.

आतून झाकणाचा आवाज आला, आणि पाठोपाठ तो दाट वास.

"ते आमचं जेवण आहे," बाई डोळे टिपत म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना तो कधी देत नाही. म्हणतो, ते घरचं."

आचारी एक पोचे पडलेलं भांडं घेऊन बाहेर आले. हरणाच्या नळीचं मांस, सकाळपासून शिजत असलेलं, मिसोच्या रश्शात. लांब मुळांचे काप. कांद्याची जाड पात. त्यांनी ते आमच्या समोर विस्तवावर ठेवलं आणि पुन्हा खदखदू दिलं, खूप वेळ. मग मांसात थर्मामीटर खुपसला, आकडा पाहिला, दुसऱ्या तुकड्यात खुपसला, पुन्हा पाहिला, आणि मगच वाटी भरली. वाफ वर आली. वाफेत लेकीचा चेहरा दिसेनासा झाला, आणि मला खात्रीनं वाटलं की पलीकडे खिडकी आहे, बाहेर बर्फ आहे, आणि काहीतरी कान वळवून आमच्याकडे बघतंय.

पहिला घास तिनं घेतला. मी मोजत बसले. तीस. साठ. शंभर.

तिनं दुसरा घेतला. मग वाटी उचलून ओठांना लावली. मग रिकामी वाटी पुढे केली, लहानपणी पुढे करायची तशी, न बोलता. तीन वाट्या झाल्या. चौथीला तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "आई, तू असं टक लावून बघू नकोस ना. भूत वाटतेस."

मी बघणं थांबवलं, कारण नाहीतरी मला काही दिसत नव्हतं.

निघताना आचाऱ्यांनी मला थांबवून एक प्रश्न विचारला. बाई हसायला लागल्या. "तो विचारतो, आजोबा खरंच शिकारी होते?"

"पोस्टात होते," मी मान खाली घालून म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, काहीतरी बोलले आणि घाईनं आत गेले. "तो म्हणतो, त्याचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. आणि कंबर शेका, आंटी."

परतीच्या गाडीत लेक माझ्या खांद्यावर झोपली. प्रत्येक स्टेशनाला मी श्वास रोखत होते. दारं उघडायची, मिटायची. काही झालं नाही. घरी आल्यावरही नाही. ती सरळ उठून शेल्टरच्या दारापाशी गेली आणि तो लोखंडी दांडा ओढायला लागली.

"काय हवंय गं?"

"ते धनुष्य. टाकून दिलंस का?"

मी आत शिरले, दाढ्या बाजूला केल्या, आणि ते तिच्या हातात दिलं. एका टोकाचा सोनेरी कागद सुटला होता. तिनं तो अंगठ्यानं दाबून बसवला, पुन्हा सुटला, पुन्हा दाबला. "ह्याला नवीन लावू या," ती म्हणाली. "आत्ता नको. पण लावू या."

सोमवारी सलाइन लागलं नाही. पुढचे कितीतरी शनिवार आम्ही त्या आठ खुर्च्यांतल्या दोन खुर्च्यांवर बसलो, आणि भांडं रिकामं होईपर्यंत पानांबद्दल बोललो. मंडळात मी तीन महिने एक अक्षर काढलं नाही. इतकी गप्प होते की दोघीतिघी माझ्या तब्येतीची चौकशी करून गेल्या.

सातव्या महिन्यातला फोटो आमच्या भिंतीवर आहे. हिरवी साडी, मोगऱ्याचे बाजूबंद, हातात नव्यानं मढवलेलं धनुष्य. मागे कडेला बाई उभ्या आहेत आणि त्यांच्या शेजारी आचारी, ऐन क्षणी नमस्काराला वाकल्यामुळे फक्त पाठ दिसणारे. बाण जरा वेगळ्या दिशेला आहे. फोटोच्या चौकटीबाहेर, डाव्या हाताला, जिथं मी उभी राहून सगळ्यांना कसं उभं राहायचं ते सांगत होते. "आई," नेम धरून ती म्हणाली होती, "दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं गप्प."